कामाच्या दौऱ्यावर एकट्याने: स्वतःचं आसन आणि दुसऱ्याचं प्रार्थनाघर

प्रश्न थोडक्यात असा आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस कामासाठी एकट्याने बाहेर राहावं लागतं. दिवसभर मीटिंगा, रात्री हॉटेलची खोली. घरी नेमाने होणारी प्रार्थना, जप किंवा ध्यान प्रवासात पार विस्कटतं. जिथे जातो तिथल्या वेगळ्या धर्माच्या लोकांना भेटावं, त्यांच्या प्रार्थनेला बसावं असं मनापासून वाटतं. पण कुठे जायचं, कसं जायचं आणि आपण तिथे गेलेलं चालेल का, हे कळत नाही.

उत्तराचे दोन भाग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतःचं बूड टेकायला जागा हवी, मग दुसऱ्याच्या दारात जायचं. क्रम उलटला की पहिल्या उत्साहात दर शहरात एक मशीद, एक चर्च, एक विहार पाहून होतो, आणि चौथ्या दौऱ्यापर्यंत हे सगळं प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत जमा होतं. ज्याचं स्वतःचं रोजचं काहीतरी आहे, त्यालाच दुसऱ्याच्या रोजच्या प्रार्थनेतली मेहनत आणि ओढ ओळखता येते.

घरची पाऊण तासाची साधना प्रवासात टिकत नाही, कारण ती निव्वळ तुमच्या निग्रहावर उभी नसते. तीच खोली, तीच वेळ, आता हाक मारायची नाही हे ठाऊक असलेली घरची माणसं, रात्रभर विसावलेलं शरीर या सगळ्यांचा तिला टेकू असतो. प्रवासात हे टेकू एकदम निघतात. मग तीन दिवस काहीच होत नाही, चौथ्या दिवशी अपराधी वाटतं, आणि परतल्यावर घरचा नेमसुद्धा ढिला पडतो. म्हणून प्रवासासाठी वेगळी, मुद्दाम लहान केलेली साधना ठरवा. बारा मिनिटं पुरतात: दोन मिनिटं अंग सैल सोडून श्वासाकडे लक्ष, सात मिनिटं मुख्य गोष्ट आणि शेवटची तीन मिनिटं काहीही न करता नुसतं बसणं. मुख्य गोष्ट म्हणजे तुमच्या परंपरेतलं जे काही असेल ते. छोट्या नामाची एकशे आठ मण्यांची एक माळ साधारण तेवढ्यात होते. रोझरीची, म्हणजे कॅथलिक जपमाळेची, पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच गट) म्हणायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तर एकच दशक घ्या. हरिपाठ पूर्ण होत नसेल तर तीन अभंग म्हणा, पण सावकाश.

साधना लहान केली म्हणजे तडजोड केली असं अनेकांना वाटतं. धर्मपरंपरांना तसं वाटलेलं नाही. इस्लाममध्ये प्रवाशाला ‘कस्र’ची सवलत आहे: ज्या नमाजांचे फर्ज (सक्तीचा भाग) चार रकातींचे (आवर्तनांचे), ते प्रवासात दोनच. काही पंथांत दुपारच्या दोन नमाजा एकत्र आणि संध्याकाळ-रात्रीच्या दोन एकत्र पढण्याचीही मुभा आहे. हनाफी परंपरा सहसा तसं करत नाही. यहुदी परंपरेत वाटेवर म्हणायची एक वेगळी छोटी प्रार्थना आहे, एका परिच्छेदाएवढी. वाटेवरच्या माणसाची ताकद आणि वेळ वेगळी असते, हे या लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

ही बारा मिनिटं घड्याळाला बांधू नका. सकाळी सहा ही वेळ घरी पक्की असते. प्रवासात पहाटेचं विमान, उशिराचं जेवण आणि बदललेला टाइमझोन तिची वाट लावतात. टळतच नाही अशा एखाद्या कृतीला ती बांधा. सकाळी अंघोळ झाल्यावर, फोन उघडण्याआधी. संध्याकाळी खोलीत शिरल्यावर, पलंगावर बसण्याआधी. ‘आधी’ हा शब्द इथे कळीचा आहे. एकदा पाठ पलंगाला टेकली आणि रिमोट हातात आला की नंतर उठून बसणारी माणसं फार थोडी.

खोलीत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं बारकाईने पाहू. बॅग ठेवा, बूट काढा, हातपाय आणि तोंड धुवा. पलंगावर बसू नका. पलंग म्हणजे झोप, हे शरीराचं गणित पक्कं असतं. खिडकी आणि पलंग यांच्यामध्ये बहुतेक खोल्यांत एक माणूस बसेल एवढी पट्टी मोकळी असते, ती तुमची जागा. दोन फूट बाय दोन फुटांचं एक सुती कापड याच कामासाठी ठेवा, दुसऱ्या कशालाही वापरू नका. घडी केल्यावर ते रुमालाएवढं होतं. अंघोळीच्या मोठ्या टॉवेलच्या घट्ट घड्या घालून तो कमरेखाली घेतला की तीन-चार इंचांची उंची मिळते आणि गुडघे खाली टेकतात. दिवसभर विमानात किंवा खुर्चीत बसलेल्या कमरेला ती उंची लागतेच. मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या, फक्त पाठ टेकू नका आणि तळवे जमिनीवर ठेवा. एसीचा पंखा ‘ऑटो’वर असेल तर तो मधूनमधून बंद-चालू होतो आणि दर वेळी लक्ष तिकडे ओढतो, तो मंद पण सतत चालू ठेवा. सलग आवाज कान पाच मिनिटांत विसरतात, तुटक आवाज विसरत नाहीत. फोन एअरप्लेन मोडवर, टायमर लावून, पालथा.

हॉटेलात दिवा किंवा उदबत्ती लावू नका. धुराचा सेन्सर वाजतो, दंड लागतो आणि शेजारच्या खोलीतल्याची झोप जाते ते वेगळंच. कापडाच्या कोपऱ्यावर अत्तराचा एक थेंब पुरतो. आठवड्याभरात मन त्या वासाशी शांतता जोडून टाकतं. तीर्थ, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी किंवा पवित्र पाणी केबिन बॅगेत न्यायचं तर बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानतळांवर साधारण शंभर मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीचीच मुभा असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना लाकूड, बिया, वनस्पतीजन्य वस्तू फॉर्मवर घोषित कराव्या लागतात, आणि तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ त्यात येते. घोषित केली की सहसा पाहून परत देतात. लपवलेली सापडली तर मोठा दंड बसतो.

आता पलंगाशेजारचा ड्रॉवर उघडा. अनेक देशांत त्यात बायबल असतं, आणि ते तिथे कसं आलं हे तुमच्यासारख्या प्रवाशाने जाणून घ्यावं असं आहे. 1898 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बॉस्कोबेल गावचं हॉटेल भरलेलं होतं, म्हणून दोन अनोळखी फिरत्या विक्रेत्यांना एकच खोली वाटून घ्यावी लागली. दोघंही श्रद्धाळू निघाले, त्या रात्री त्यांनी एकत्र प्रार्थना केली, आणि पुढच्या वर्षी, 1899 मध्ये, फिरत्या विक्रेत्यांची ‘गिडियन्स’ ही संघटना उभी राहिली. 1908 मध्ये मोंटाना राज्यातल्या एका हॉटेलात त्यांनी पहिली बायबलं ठेवली. म्हणजे कामासाठी एकट्याने हिंडणाऱ्या माणसांनीच, पुढे त्याच खोलीत येणाऱ्या एकट्या माणसासाठी ती ठेवली. जपानमधल्या अनेक हॉटेलांत ड्रॉवरमध्ये बुद्धवचनांचं पुस्तक सापडतं. मुस्लिमबहुल देशांत छतावर किंवा ड्रॉवरच्या आत एक छोटा बाण असतो. तो किब्ल्याची, मक्केतल्या काबेची दिशा दाखवतो.

ड्रॉवरमधलं बायबल कुठूनही उघडून वाचायला घेतलं तर बहुतेकांचा धीर दहा पानांत सुटतो, कारण वंशावळी आणि नियमांची प्रकरणं लागतात. त्यातला स्तोत्रसंहिता हा भाग काढा. एकूण 150 स्तोत्रं आहेत. त्यातली 120 ते 134 ही पंधरा ‘आरोहणस्तोत्रं’ म्हणून ओळखली जातात. यरुशलेमकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंशी ती जोडली जातात. बहुतेक लहान आहेत, दोन-तीन मिनिटांत एक होतं. 121 वं तर जाणाऱ्या-येणाऱ्याला राखणाऱ्या, कधीही न झोपणाऱ्या रक्षकाबद्दल आहे. वारीचे अभंग कानात असलेल्या माणसाला ती परकी वाटत नाहीत. रोज एक, मोठ्याने पण हळू आवाजात. पंधरा रात्रींत दुसऱ्या एका परंपरेची चाल तोंडात बसते, आणि पुढे कधी सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनाघरात) किंवा चर्चमध्ये बसलात तर ओळखीचं काहीतरी कानावर पडतं.

रात्रीच्या चिंतनासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांची ‘एक्झामेन’ पद्धत. ती ख्रिस्ती आहे, पण तिचा सांगाडा कुणालाही वापरता येतो. पाच पायऱ्या: कृतज्ञतेची एक-दोन नेमकी कारणं, आपला दिवस नितळपणे पाहता यावा म्हणून मागणं, दिवस सकाळपासून क्रमाने डोळ्यांपुढून नेणं, जिथे चुकलो तिथे थांबून क्षमा मागणं, आणि उद्याकडे पाहणं. आठ-दहा मिनिटं लागतात. दौऱ्यावर ही पद्धत एका ठिकाणी हमखास घसरते: तिसऱ्या पायरीवर दिवसाचा आढावा ऑफिसचा आढावा होऊन बसतो आणि मन उद्याच्या प्रेझेंटेशनमध्ये शिरतं. उपाय साधा आहे. कामं आठवू नका, माणसं आठवा. आज कोण कोण भेटलं? कुणाच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही? खोली आवरून गेलेली बाई, ड्रायव्हर, मीटिंगमध्ये एकही शब्द न बोललेला तरुण. यादी पाच-सहा माणसांची होते, आणि एकटेपणाची धार तिथेच जरा बोथट होते.

लांबच्या प्रवासात जेट लॅगशी भांडू नका. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं. पश्चिमेकडे गेलात तर पहिले काही दिवस पहाटे तीन-चारला जाग येईल. ती वेळ ईमेलला देण्याऐवजी बसायला द्या, एवढी निर्मळ शांतता दिवसात पुन्हा मिळत नाही. पूर्वेकडे गेलात तर सकाळी डोळे उघडत नाहीत आणि रात्री झोप येत नाही. मग मुख्य बैठक रात्री हलवा. झोप अपुरी असताना डोळे मिटून बसलं की दोन मिनिटांत मान पडते आणि आपली साधना घसरली असं वाटू लागतं. साधना घसरलेली नसते, शरीर झोप मागत असतं. अशा दिवशी चालत करा: खोलीत किंवा कॉरिडॉरमध्ये पंधरा पावलं जा, थांबा, वळा, परत या. लक्ष तळव्यांवर.

विमानतळावरच्या प्रार्थनाकक्षांबद्दल थोडं. अमेरिकेतलं पहिलं विमानतळ-चॅपेल 1951 मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावर झालं, मुख्यतः तिथल्या कॅथलिक कामगारांसाठी. आज मोठ्या विमानतळांवर बहुधर्मीय कक्ष असतो: चिन्हं नसलेल्या भिंती, गालिचा, चपलांचा रॅक, किब्ल्याची खूण, कधी पाय धुण्याची सोय. नकाशात तो पाहून ठेवा आणि सुरक्षा तपासणीच्या अलीकडे आहे की पलीकडे हे नक्की बघा. पलीकडून अलीकडे सहज परत येता येत नाही. आत गालिच्यावर बूट नको, फोनवर बोलणं नको, खाणं आणि डुलकीही नको. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, मागून किंवा कडेने वळसा घ्या. अनेक विमानतळांवर चॅप्लेन (तिथे नेमलेले धर्मसेवक) असतात. कुठल्याही धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्याही, प्रवाशाशी बोलणं हेच त्यांचं काम असतं. दार ठोठवायला संकोच करू नका.

आता दुसऱ्याचं दार. पहिली अडचण वारांची. कामाचा दौरा बहुधा सोमवार ते गुरुवार असतो, आणि ठळक सामूहिक प्रार्थना शुक्रवारी दुपारी, शनिवारी, रविवारी. त्यामुळे ‘वेळच जुळली नाही’ म्हणून वर्षं निघून जातात. आठवड्याच्या मधल्या दिवशी काय असतं ते शोधा. गुरुद्वारा सकाळ-संध्याकाळ उघडा असतो. कॅथलिक चर्चमध्ये अनेक ठिकाणी रोजची मिस्सा (मुख्य उपासना) असते, साधारण अर्ध्या तासाची. मशिदीत रोज पाच वेळा जमात (सामूहिक नमाज) होते. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) कॅथीड्रलमध्ये ‘इव्हनसाँग’ ही संध्याकाळची गायली जाणारी प्रार्थना असते. झेन या बौद्ध ध्यानपरंपरेचे गट बहुधा एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी बसतात. नकाशाच्या ॲपमधली वेळ इमारत उघडी असण्याची असते, प्रार्थनेची नाही. प्रार्थनेची वेळ त्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवर पाहा किंवा फोन करून विचारा.

दोन-तीन दिवस आधी एक छोटा निरोप पाठवा. त्यात चारच गोष्टी: कोण, किती दिवस, काय हवं, काय पाळायचं. उदाहरणार्थ: ‘मी हिंदू आहे. कामासाठी चार दिवस तुमच्या शहरात एकटा आहे. बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला मागे शांतपणे बसायला आवडेल. चालेल का? कपडे किंवा बसण्याच्या जागेबद्दल काही पाळायचं असल्यास कृपया सांगा.’ अभ्यास, निरीक्षण, कुतूहल हे शब्द टाळा. आपल्याला कुणी तपासायला येतंय असं त्यातून वाटतं. सिनेगॉगच्या बाबतीत तर आधी कळवणं आवश्यकच समजा. हल्ल्यांच्या अनुभवामुळे तिथे सुरक्षा कडक असते, ओळखपत्र मागतात, मोठी बॅग आत घेत नाहीत. लॅपटॉपची बॅग कुठेच नेऊ नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी गुरुद्वारा सुचवीन, कारण तिथे पाहुण्याची वाट आखलेलीच असते. खिशात सिगारेट, तंबाखू किंवा दारू नसावी. पाकीट बंद असलं तरी नाही. जोडाघरात बूट ठेवा, हात धुवा, डोकं झाका. त्यासाठी स्वतःचा मोठा रुमाल न्या. दारात टोपलीत रुमाल असतात, पण टोपी किंवा कॅप योग्य मानत नाहीत. दिवाणात, म्हणजे प्रार्थनेच्या मुख्य दालनात, गुरू ग्रंथसाहिबासमोर सगळे माथा टेकतात. तुम्हाला ते मनापासून करता येत नसेल तर शांत उभं राहून मान झुकवा, चालतं. मग खाली बसा, पाय ग्रंथसाहिबाच्या दिशेने पसरू नका. कडाहप्रसाद बसूनच, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. लंगरमध्ये पंगतीत बसा आणि संपेल तेवढंच घ्या. जेवण झाल्यावर निघून जाऊ नका. भांडी घासायच्या जागी जाऊन ‘सेवा करू का’ एवढंच विचारा. साबणाच्या पाण्यात शेजारी शेजारी ताटं विसळताना जी ओळख होते, ती धर्मावरच्या परिसंवादात होत नाही; तिथे भाषेचाही फारसा प्रश्न येत नाही. आणि मराठी माणसाला तिथे एक हक्काचा धागा आहे: गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत. ग्रंथींना (ग्रंथसाहिबाचं पठण करणाऱ्यांना) किंवा कीर्तन करणाऱ्या रागींना ‘भगत नामदेवजींचा एखादा शबद’ म्हणून विचारा, चेहरा खुलतो.

इव्हनसाँग थकलेल्या माणसासाठी फार चांगलं. साधारण पाऊण तास, आणि बहुतेक सगळं गायकवृंदच गातो. तुम्ही इतरांबरोबर उभं राहायचं, इतरांबरोबर बसायचं, बाकी ऐकायचं. काही म्हणावंच लागत नाही. पंधरा मिनिटं आधी पोचा. ज्या कॅथीड्रलमध्ये पर्यटकांना तिकीट असतं तिथेही प्रार्थनेला येणाऱ्याला नसतं; दारावर ‘प्रार्थनेसाठी आलोय’ म्हणा. अगदी पुढे बसू नका, मागे बसलं की पुढचे कधी उठतात-बसतात ते दिसतं.

कॅथलिक मिस्सेत एका गोष्टीची विशेष काळजी घ्या, कारण आपल्याकडच्या माणसाची चूक तिथेच होते. रांग लागते, पुरोहित पांढरी पातळ चकती देतात, आणि प्रसाद नाकारू नये या संस्काराने आपणही हात पुढे करतो. तो प्रसाद नव्हे. कॅथलिक श्रद्धेनुसार ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि पाहुण्या अन्यधर्मीयाने ते घ्यायचं नसतं. नकळत घेऊन खिशात ठेवलं तर तिथल्या लोकांना फार दुखावतं. तुम्ही जागेवर बसून राहा, शेजारच्यांना वाट द्या. काही ठिकाणी दोन्ही हात छातीवर आडवे धरून गेलं की पुरोहित नुसता आशीर्वाद देतात.

मशिदीत पूर्ण बाह्यांचे, पाय झाकणारे कपडे, बायकांनी ओढणी. बायकांचा विभाग आणि दार अनेकदा वेगळं असतं, ते आधी विचारा. मागे बसा. शुक्रवारी खुतबा (प्रवचन) चालू असताना कुजबुजसुद्धा करायची नसते. बोलायचं असेल तर दुपारची वेळ घेऊ नका, तेव्हा लोक कामावर परतायच्या घाईत असतात. संध्याकाळनंतर माणसं रेंगाळतात. रमजानमध्ये अनेक मशिदी इफ्तारला शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतात. हा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, तेव्हा दौऱ्याच्या तारखा ताडून पाहा. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं, टोप्या दारात असतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. ऑर्थोडॉक्स (कर्मठ परंपरेच्या) सिनेगॉगमध्ये तेव्हा फोन, पेन, कॅमेरा यातलं काही बाहेर काढू नका, देणगीचे पैसेही नाहीत.

झेन गटात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तोंडओळखीचं सत्र असतं का ते विचारा. बैठका पंचवीस ते चाळीस मिनिटांच्या, मध्ये संथ चालणं, आणि उशिरा आत शिरणं अजिबात चालत नाही. विपश्यनेच्या सामूहिक बैठका फक्त त्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठी असतात, तेव्हा सरळ दार उघडून जाऊ नका. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत साधारण तासभर सगळे गप्प बसतात; मध्येच कुणी उठून चार वाक्यं बोलतं, त्याला उत्तर द्यायचं नसतं. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन झालं की सभा संपली. बहाई धर्माची उपासनागृहं नऊ बाजूंची आणि सर्वांना खुली असतात. तिथे प्रवचन नसतं, वेगवेगळ्या धर्मांच्या ग्रंथांतले उतारे वाचतात किंवा गातात. आणि कुठलाच विधी नको असेल त्या दिवशी निव्वळ शांततेसाठी बांधलेल्या जागा आहेत. हेलसिंकीतलं 2012 चं काम्पी चॅपेल भर बाजारात आहे. तिथे चर्चमधली नेहमीची उपासना होत नाही, पण बोलावंसं वाटलं तर समाजसेवक भेटतात. ह्यूस्टनमधलं रॉथ्को चॅपेल 1971 पासून सर्व श्रद्धांना खुलं आहे.

सगळी दारं उघडी नसतात हेही धरून चला. मक्का शहरात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, पुरीच्या जगन्नाथ मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना नाही, भारतातल्या पारशी अग्यारीत पारशांखेरीज कुणाला नाही. तिथे वाद घालू नका, बाहेरून नमस्कार करून परत फिरा. काही देशांत स्वधर्माचा प्रचार किंवा नोंदणी नसलेल्या जागी सामूहिक प्रार्थना हा कायद्याने गुन्हा आहे; जाण्याआधी वाचून घ्या आणि स्वतःची पुस्तकं वाटत फिरू नका.

संवादाबद्दल. स्वीडनचे धर्मपंडित आणि बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1985 मध्ये स्टॉकहोममध्ये, तिथल्या मॉर्मन पंथाच्या मंदिराला विरोध होत असताना, तीन सूचना केल्या होत्या. एखादा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्याच्या विरोधकांना नाही. आपल्यातल्या उत्तमाची तुलना त्यांच्यातल्या वाईटाशी करू नका. आणि त्यांच्याकडचं काहीतरी आपल्याकडे असतं तर, अशी निर्मळ असूया वाटायला जागा ठेवा. तिसरी सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती नम्र करते आणि तरीही स्वतःचं सोडायला लावत नाही.

प्रश्न सिद्धान्ताचे नकोत, रोजच्या आचरणाचे विचारा. ‘तुम्ही मूर्ती का मानत नाही?’ याला ठरलेलं उत्तर येतं आणि बोलणं संपतं. ‘पहाटेच्या नमाजला उठणं कधी जड जातं का? तेव्हा काय करता?’ याला माणूस स्वतःचं काहीतरी सांगतो. आणि ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य टाळा. आपण ते प्रेमाने म्हणतो, पण ऐकणाऱ्याने ज्या वेगळेपणासाठी आयुष्य वाहिलं ते आपण एका फटक्यात पुसून टाकतो. त्याला जे वेगळं वाटतं ते वेगळंच राहू द्या; मैत्रीला एकमत लागत नाही.

कामाच्या ठिकाणच्या माणसांशी मात्र जपून. ज्याचं बिल किंवा बढती तुमच्या हातात आहे, त्याला ‘मला तुमच्या मंदिरात घेऊन चला’ म्हणू नका. त्याला नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी वेळेचा मान ठेवा. मुस्लिम सहकाऱ्यांबरोबरची मीटिंग शुक्रवारी भर दुपारी लावू नका, उपवास करणाऱ्याला दिवस मावळताना अडकवून ठेवू नका. अशी काळजी न बोलता पोचते, आणि आमंत्रण यायचं असेल तर त्यातूनच येतं.

एकटा, दमलेला, आपुलकीला आसुसलेला प्रवासी काही गटांना आयताच सापडतो. पहिल्याच भेटीत अतोनात जवळीक, त्याच रात्री दुसऱ्या भेटीचा आग्रह, हॉटेलचं नाव आणि खोली नंबर विचारणं, ‘घरच्यांना हे कळणार नाही’ अशी भाषा, पैशाची घाई, यातली दोन लक्षणं दिसली तरी निघा. निरोगी जागेतून सहज बाहेर पडता येतं आणि कुणी मागे लागत नाही. खोली नंबर कुणालाही देऊ नका, कुठे जाताय ते घरी एका माणसाला कळवा, रात्री परतण्याची गाडी आधी ठरवा.

आणखी एक. एकटेपणा आणि एकांत यांतला फरक काही आठवड्यांत कळतो. एकांतानंतर माणसांत जावंसं वाटतं. त्याऐवजी झोप उडाली, भूक गेली, डोळे मिटून बसलं की अस्वस्थता वाढतच गेली, आणि दोन आठवडे हेच चाललं, तर बैठक वाढवू नका. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. खचलेल्या मनाला कधीकधी मौन जड जातं.

शेवटी ठिकाणांच्या संख्येबद्दल. दौरे बहुधा त्याच त्या तीन-चार शहरांत होतात. प्रत्येक शहरात एकच जागा धरा आणि दर वेळी तिथेच जा. एक पानाची नोंद ठेवा: प्रार्थनेची वेळ, दार कुठलं, कुणी स्वागत केलं त्याचं नाव, त्याने सांगितलेली एखादी गोष्ट (मुलीची परीक्षा, आईचं ऑपरेशन). परतल्यावर तीन दिवसांत दोन ओळींचे आभार कळवा. पुढच्या वेळी जाण्याआधी ते पान वाचा आणि आधी त्या परीक्षेचं, त्या ऑपरेशनचं विचारा. पहिल्या भेटीत तुम्ही अनोळखी असता, दुसऱ्या भेटीत ‘आलात का पुन्हा’ असं कुणीतरी म्हणतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत सहसा हातात काहीतरी दिलं जातं: वाटायला भजनांची पुस्तकं, उचलायला सतरंजी, लावायला खुर्च्या. ते घ्या, आणि कुठे ठेवायचं ते विचारा.